अढळपद

बेल्जियमच्या अँटवर्प प्रांतात वेस्टर्लो हे लहानसे गाव आहे. तेथील फुटबॉल संघ १९३३ साली स्थापन झाला. त्याच्या मैदानाचे नावही ‘लहान घंगाळ’ अशा अर्थाचे आहे. त्या देशात हंगामाच्या अखेरीस प्रत्येक श्रेणीतील अग्रेसर संघ वर चढतो, तळाचा खाली उतरतो. ही शिडी चढत वेस्टर्लोने १९९७ साली सर्वोच्च श्रेणी गाठली आणि २००१ साली राष्ट्रीय चषक जिंकला. पुढे २०१२ व २०१७ साली त्याची घसरण झाली. परंतु २०१४ व २०२२ साली तो पुन्हा वर आला.

अशी शिडी सर्वांनाच रुचत नाही. २०२१ साली युरोपातील बारा धनाढ्य संघांनी, आपले स्थान कधीच जाऊ नये, अशी वेगळी स्पर्धा आखली. प्रेक्षक आमच्याचमुळे जमतात, असे त्यांना वाटत होते. लोकक्षोभामुळे तो बेत काही दिवसांतच बारगळला, हे योग्यच झाले. ध्रुवालासुद्धा अढळपद तपश्चर्येनेच मिळाले. ते पैशाने घेता येत नाही. वरच्या जागा कायमच्या राखून ठेवल्या, तर लहान गावांतील मुलांनी कोणत्या आशेने घाम गाळावा? वेस्टर्लोचा संघ दोनदा खाली आला; पण शिडी जागेवर होती, म्हणूनच तो पुन्हा चढू शकला.