डायनाची आंघोळ आता पुरे

युरोपियन चित्रकलेवरचं कुठलंही जाडजूड पुस्तक उघडा आणि त्यात डायना शोधा. डायना म्हणजे रोमन लोकांची शिकारीची देवी. धनुष्य, भाता, कुत्रे, कपाळावर चंद्रकोर असा तिचा थाट. पण पुस्तकात ती शिकार करताना क्वचितच भेटेल. ती आंघोळ करत असते, नाहीतर आंघोळीला बसायच्या बेतात असते, नाहीतर नुकतीच उरकून पाय पुसत असते. तिशियन, रेम्ब्रांट, रुबेन्स, बूशे, सगळ्यांनी तिला पाण्याकाठी आणून बसवलंय. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात बूशेचं १७४२ सालचं चित्र आहे. त्यात भाता एका कडेला पडलाय, मारलेली शिकार दुसऱ्या कडेला, आणि मधे गुलाबी गोरी कांती. चंद्रकोर आणि भाता काढला तर ती बूशेने रंगवलेली कुठलीही बाई असू शकते.

या सगळ्याला 'अभिजात' म्हणायची पद्धत आहे. नग्नता म्हणजे ग्रीक-रोमन परंपरा, म्हणजे उच्च कला, म्हणजे तुम्ही नाक मुरडलंत तर तुम्ही मागासलेले. माझं म्हणणं असं आहे की हा शुद्ध बनाव आहे आणि तो चारशे-पाचशे वर्षं बिनबोभाट चाललाय. एका देवीला तिच्या भक्तांकडून काढून घेतलं आणि राजेलोकांच्या खोल्यांमध्ये टांगलं, एवढीच ही गोष्ट आहे.

आधी मूळ कथा बघू. ओव्हिड या रोमन कवीने ती सांगितली आहे. अ‍ॅक्टीऑन नावाचा तरुण शिकारी रानात भटकतो आणि चुकून एका कुंडापाशी पोचतो. तिथे डायना सख्यांसोबत आंघोळ करत असते. तो तिला बघतो. ती त्याच्या तोंडावर पाणी उडवते आणि त्याचं हरीण होतं. त्याचेच कुत्रे त्याला फाडून खातात. ओव्हिडने त्या कुत्र्यांची तीसेक नावं एकामागून एक दिली आहेत, कारण ओव्हिड तसाच होता. अ‍ॅक्टीऑनचा दोष होता की नुसतं दुर्दैव, हा प्रश्नही तो सोडून देत नाही. पण बाकी काहीही असो, या कथेत देवीला राग येतो तो एकाच गोष्टीचा. कोणीतरी तिला न विचारता पाहिलं.

आता या कथेचं चित्र काढताना काय केलं गेलं? ज्या गोष्टीची शिक्षा मरण आहे तीच गोष्ट प्रेक्षकाला फुकट दिली गेली. अ‍ॅक्टीऑनला कुत्र्यांनी खाल्लं, आणि स्पेनच्या दुसऱ्या फिलिपला तेच दृश्य चौकटीत घालून घरपोच मिळालं.

फिलिपचं नाव मी उगाच घेत नाही. तिशियनने त्याच्यासाठी पुराणकथांवरची एक मालिकाच रंगवली. त्यातली 'डायना आणि अ‍ॅक्टीऑन' व 'डायना आणि कॅलिस्टो' ही दोन चित्रं १५५६ ते १५५९ या काळातली. या मालिकेबद्दल तिशियनने फिलिपला पत्र लिहिलं होतं. त्याचा आशय असा, की आधी पाठवलेल्या चित्रातली डॅनी समोरून दिसते, म्हणून पुढच्या चित्रात बाईची उलट बाजू दाखवतो, म्हणजे ज्या खोलीत ही चित्रं लागतील ती बघायला आणखी छान वाटेल. अभिजाततेचा सगळा कारभार त्या एका पत्रात आला. गिऱ्हाईक आहे, माल आहे, आणि माल सगळ्या बाजूंनी दाखवायची तयारी आहे.

यावर कलेचे जाणकार म्हणतात, तिशियन एवढा उथळ नव्हता. बरोबर आहे, नव्हता. त्याच्या चित्रातली डायना खरोखर संतापलेली आहे, अंग झाकायला धडपडते आहे, आणि बघणाऱ्याला अपराधी वाटावं अशी तिची नजर आहे. उतारवयात त्याने 'अ‍ॅक्टीऑनचा मृत्यू' नावाचं चित्र हाती घेतलं. त्यात डायना कपडे घालून, धनुष्य ताणून धावत निघालीय. मला विचाराल तर त्याच्या सगळ्या डायनांमध्ये हीच खरी. पण गंमत बघा, हे चित्र फिलिपला कधी पोचलंच नाही. १५७६ साली तिशियन वारला तेव्हा ते त्याच्याकडेच पडून होतं. आंघोळीची चित्रं मात्र वेळेवर गेली. २००९ साली त्यातलं अ‍ॅक्टीऑनचं चित्र ब्रिटन आणि स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयांनी मिळून ५ कोटी पौंडांना विकत घेतलं.

दुसरा बचाव असा, की कथेतच आंघोळ आहे, मग चित्रकार काय करणार? त्याने वेगळा क्षण निवडावा. व्हर्मीरने निवडला. १६५३-५४च्या सुमाराचं त्याचं चित्र हेगच्या मॉरिट्सहाउस संग्रहालयात आहे. डायना बसलीय, अंगभर कपडे, आणि एक सखी तिचा पाय धुते आहे. कोणी कोणाला चोरून बघत नाही. सगळ्या दमलेल्या वाटतात, दिवसभर रानात पायपीट करून आल्यासारख्या. तेव्हा व्हर्मीर विशी-बाविशीतला पोरगा होता. त्याला जमलं.

आणि रोमन लोकांची स्वतःची डायना कशी होती? लूव्रमध्येच तिचा संगमरवरी पुतळा आहे, मूळ ग्रीक ब्राँझवरून घडवलेला. गुडघ्यावरचा आखूड झगा, पायात वहाणा, शेजारी हरीण, हात मागे भात्यातल्या बाणाकडे. ती चालताना थबकलेली आहे आणि आपल्याकडे बघत नाही. तिला दुसरं काम आहे. हा पुतळा पोपने फ्रान्सच्या दुसऱ्या हेन्रीला भेट दिला तो १५५६ साली, म्हणजे तिशियन आंघोळ रंगवायला बसला त्याच सुमाराला. पॉम्पेईच्या घरांमधल्या भिंतींवर आंघोळ करणारी डायना सापडते, हे मान्य. श्रीमंताच्या बागेतली ती सजावट होती. नवस बोलायला लोक तिच्याकडे जात नव्हते.

ते जात होते नेमीला. रोमच्या आग्नेयेला तीसेक किलोमीटरवर, मेलेल्या ज्वालामुखीच्या खळग्यात हे छोटं गोल तळं आहे. त्याला डायनाचा आरसा म्हणत. काठावरच्या राईत तिचं देऊळ. इसवीसनपूर्व ४३च्या एका रोमन नाण्यावर तिथली मूर्ती दिसते. तीन बाया शेजारी शेजारी ताठ उभ्या, एका टोकाची धनुष्य धरून आहे, दुसऱ्या टोकाची फूल. तिन्ही मिळून एकच देवी. शिकारीण, चंद्र आणि तिठ्यावरची रखवालीण. तिचं नाव ज्या प्राचीन मुळातून आलं त्याच मुळातून आपले 'देव' आणि 'दिवस' आलेत.

या देवळात काय सापडलं? १८८५ साली इटलीतल्या ब्रिटिश राजदूताने तिथे खणायला घेतलं. मातीचे भाजलेले गर्भाशय निघाले, दुपट्यात गुंडाळलेली बाळं निघाली, हात-पाय निघाले. वांद्र्याच्या मोतमाउलीला मेणाचा पाय वाहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. मूल होत नाही म्हणून, किंवा झालं म्हणून, किंवा बाळंतपणात जीव वाचला म्हणून बायका तिथे गेल्या. नवस फिटला की हातात पेटत्या मशाली घेऊन रोमपासून तळ्यापर्यंत जायच्या. ऑगस्टमध्ये, तिच्या सणाला. कुमारी देवी बाळंतिणीला कशी पावते, हा प्रश्न त्यांना पडलेला दिसत नाही.

त्या मातीच्या वस्तू नॉटिंगहॅमला गेल्या, नेमीतलं बाकी बरंच कोपनहेगनला आणि फिलाडेल्फियाला. तिशियनच्या आंघोळीइतकी गर्दी त्यांच्यापुढे होत नाही.

नेमीला जगभर प्रसिद्धी मिळाली ती वेगळ्याच कारणाने. तिथला पुजारी हा पळून आलेला गुलाम असायचा. राईतली फांदी तोडून आधीच्या पुजाऱ्याला द्वंद्वात ठार मारायचं, मग गादी आपली, पुढचा येऊन आपल्याला मारेपर्यंत. याच रहस्यावरचं जेम्स फ्रेझरचं 'द गोल्डन बाउ' १८९० साली प्रसिद्ध झालं आणि ते फुगत फुगत बारा खंडांवर गेलं. बारा खंड, एका पुरुषाचा खून का होतो यावर! सुरुवातीला त्याने टर्नरच्या ज्या चित्राचं वर्णन केलंय तेही नेमीचं नाही, दुसऱ्याच तळ्याचं आहे. बायकांचे गर्भाशय, मशाली, बाळं या सगळ्याला त्या पसाऱ्यात तळटिपेएवढी जागा. चित्रकारांनी तिचं शरीर घेतलं, पंडितांनी तिचा पुजारी घेतला.

रोम शहरात तिचं मोठं देऊळ अ‍ॅव्हेंटाइन टेकडीवर होतं. १३ ऑगस्ट हा तिथला सण, आणि तो गुलामांच्या सुट्टीचा दिवस. रोमजवळच्या लानुव्हियम गावात डायना आणि अँटिनस यांच्या नावाने गरिबांची एक मंडळी होती. इसवीसन १३६चे तिचे नियम दगडावर कोरलेले सापडले आहेत. आत येताना १०० सेस्टर्स आणि चांगल्या वाइनचा एक रांजण. पुढे महिन्याला ५ आस, म्हणजे चिल्लर. मेल्यावर मंडळी अंत्यविधी करणार. सभासदांत गुलामही होते. गुलाम मेला आणि मालकाने आडमुठेपणाने प्रेत दिलं नाही, तर मंडळीने त्याची प्रतिमा करून तिचा अंत्यविधी करायचा, असा नियमच आहे. आणि गुलाम मुक्त झाला तर त्याने सगळ्यांना वाइन पाजायची. अख्ख्या रोमन वाङ्मयात यापेक्षा जिवंत कागद, म्हणजे दगड, मला माहीत नाही. याचं चित्र कोणा राजाने मागवल्याचं ऐकिवात नाही.

पुढे ख्रिस्ती धर्म आला. देवळं पडली, पण नाव टिकलं. इसवीसन ९०६च्या सुमाराला चर्चच्या एका नियमसंग्रहात दुष्ट बायकांबद्दल तक्रार आहे. त्यांना वाटतं की आपण रात्री डायनासोबत जनावरांवर बसून दूरदूर जातो. हा भ्रम आहे आणि सैतानाची करणी आहे, असा पाद्र्यांचा निकाल. म्हणजे देऊळ नाही, मूर्ती नाही, तरी बायका रात्री तिच्यासोबत निघतच होत्या, निदान पाद्र्यांना तशी धास्ती होती.

हल्ली एक नवी डायना आलीय, टीशर्टवरची. धनुष्य, पिळदार दंड, खाली इंग्रजीत काहीतरी प्रेरणादायी. आंघोळीपेक्षा बरी, पण तीही अर्धीच. नेमीच्या बायका बिनधास्त दिसायला गेल्या नव्हत्या. त्या पोटातलं दुखणं घेऊन गेल्या होत्या. एकटीने जग जिंकणाऱ्या बाईत आणि महिन्याला ५ आस भरणाऱ्या गुलामांच्या मंडळीत काहीच नातं लागत नाही.

मेक्सिको सिटीत डायनाचा प्रसिद्ध पुतळा आहे, १९४२ सालचा. नग्न, गुडघा टेकून आकाशाकडे नेम धरलेली. त्यासाठी उभी राहिली ती तेल कंपनीतली सोळा वर्षांची सेक्रेटरी. पैसे घेतले नाहीत, आणि नोकरी जाईल या भीतीने नावही सांगितलं नाही. ते तिने पन्नास वर्षांनी सांगितलं. मधल्या काळात सभ्यतेच्या रखवालदारांनी आरडाओरडा केला म्हणून पुतळ्याला ब्राँझची लंगोटी चढवली, ती १९६७ साली, ऑलिंपिकच्या तोंडावर, काढली. घालायची की काढायची यावर वीस वर्षं काथ्याकूट झाला, आणि त्या मुलीला कोणी विचारलं नाही.

त्याच देशात, सिउदाद हुआरेस शहरात, ऑगस्ट २०१३मध्ये एका बाईने लागोपाठ दोन दिवशी दोन बसचालकांना गोळ्या घातल्या. खुनाचं समर्थन मी करत नाही. पण नंतर वर्तमानपत्रांना एक संदेश आला. कारखान्यांतल्या कामगार बायकांवर बसमध्ये अत्याचार होतात, आणि कोणी काही करत नाही, म्हणून हे केलं, असं त्यात होतं. खाली सही होती: डायना, बसचालकांची शिकारीण.