मूक दफने आणि आपले वाचन

अथेन्समधील केरामाइकॉस या प्राचीन दफनभूमीचे नाव कुंभारांच्या वस्तीवरून पडले. तेथील इ. स. पूर्व पाचव्या शतकातल्या एका स्मृतिशिलेवर अँफारेटी नावाची आजी तान्ह्या नातवंडाला घेऊन बसलेली कोरली आहे. शिलेवरील पद्यलेखात ती स्वतःच बोलते. हयातीत ज्याला मांडीवर घेतले, त्याला मृत्यूनंतरही आपण घेतले आहे, असा त्या लेखाचा आशय. अवशेषांपुढे उभ्या राहणाऱ्याला येथे शोकाचा अर्थ कल्पावा लागत नाही. नाव, नाते आणि भाव शब्दांतच हाती येतात.

आपल्या परिसरात स्थिती याहून भिन्न आहे. मांजरीची मुळा-मुठा ज्या भीमेला मिळते, तिलाच मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी इनामगाव वसले आहे. डेक्कन कॉलेजच्या वतीने सांकलिया, अन्सारी व ढवळीकर यांनी १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. सुमारे इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातील ही ताम्रपाषाणयुगीन वस्ती. तेथे लहान मुले तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन कुंभांत, बहुधा घराच्या जमिनीखाली पुरलेली आढळतात. प्रौढांना उत्तर-दक्षिण निजवून पुरत. अनेकांची पावले घोट्यापासून तोडलेली दिसतात. लेख मात्र एकही नाही.

मृताने भूत होऊन परतू नये म्हणून पावले तोडली, हे स्पष्टीकरण सर्वपरिचित आहे. उत्खननकर्त्यांचे ते अनुमान होते. आपल्या लेखनात आणि वर्गांत मात्र ते वस्तुस्थिती म्हणून वावरते. ज्याच्या परतण्याचे भय, त्याला राहत्या घराच्या जमिनीखाली का ठेवावे, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. भयाइतकीच तेथे जवळीकही संभवते. या लोकांची भाषा अज्ञात असताना त्यांना ‘आद्य मराठी’ ठरविण्याचा मोहही याच उतावळेपणातून येतो.

साहित्याच्या अध्यापकाने यात का पडावे, असे कोणी विचारील. पुरावा कोठे संपतो आणि वाचकाची कथा कोठे सुरू होते, हे ओळखणे हेच तर आपले शास्त्र आहे. संहितेतील रिकाम्या जागा भरताना आपण विद्यार्थ्यांकडून आधार मागतो. मग ज्यांना स्वतःविषयी एक शब्दही मागे ठेवता आला नाही, त्यांच्याविषयी लिहिताना तोच आधार अधिक कसोशीने मागितला पाहिजे. अँफारेटीचे दुःख तिच्या शब्दांनी राखले. इनामगावच्या अनाम मातांच्या वतीने आपण बोलू नये, एवढी मर्यादा पाळणे हाही वाचनाचाच धर्म होय.