कुंडीतली भाजी आणि जीवदया



गच्चीवर भाजी लावते म्हटलं की आपल्यातली कुणीतरी म्हणतेच, "कशाला गं माती उकरायची? जीव मरतात. विकत आणलेली बरी." मला हे पटत नाही. बाजारातली भाजीही कुणीतरी माती उकरूनच पिकवलेली असते, वर बहुतेक वेळा औषध फवारलेलं. आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदना, तिन्ही मोजतात. हात आपला नव्हता म्हणून खातं कोरं राहत नाही. (मी कॉमर्सची, म्हणून खात्याची भाषा.) असि, मसि, कृषी ही कामं गृहस्थाला आदिनाथ भगवंतांनीच शिकवली ना? गृहस्थाची आरंभी हिंसा पूर्ण टळत नाही, संकल्पी मात्र टाळता येते. आणि ती टाळायला कुंडीसारखी जागा नाही, कारण तिच्यात काय घालायचं ते आपण ठरवतो.

पण मग डोळे उघडे ठेवायला हवेत. सगळ्यात आधी बोनमील. टोमॅटोला चांगली म्हणून एक पांढुरकी पूड देतात, ती जनावरांच्या हाडांची असते. तयार मातीच्या पिशवीतही कधी कधी मिसळलेली असते. मी एका रोपवाटिकेत विचारलं, तर "खत म्हणजे खत, मॅडम" असं उत्तर मिळालं. पिशवी तिथेच ठेवून आले. माशांपासून केलेली द्रवखतंही असतात, तीही विचारूनच घ्या. स्फुरदासाठी रॉक फॉस्फेट हे खनिज मिळतं. बाकी जुनं, पूर्ण कुजलेलं कोरडं शेणखत आणि भुईमुगाची पेंड पुरते.

दुसरं, ते पिवळे चिकट सापळे. कीटक चिकटून मरावा म्हणूनच ते टांगायचे, म्हणजे उघड संकल्पी हिंसा. मी मेथी-पालकाच्या टबावर जुन्या मच्छरदाणीचं कापड ताणून बांधते. फुलपाखराला पानावर अंडी घालता येत नाहीत, मग अळीचा प्रश्नच येत नाही. दोडका-कारल्याला मात्र जाळी नको, मधमाशी आली नाही तर फळ धरत नाही. मावा पडला तर मी फवारत नाही, त्या झाडाची भाजी गेली असं समजते. घरच्यांना हा वेडेपणा वाटतो. वाटू दे.

यूट्यूबवर पोत्यात बटाटे लावून दाखवतात, ते आपल्याला नकोतच. चातुर्मासात पालेभाजीचा त्याग असतो, म्हणून पावसाळ्यात भेंडी, दोडका लावते आणि मेथी कार्तिकानंतर. मेथीला सहा इंच माती पुरते. टोमॅटोला फूटभर खोल हवी, रंगाचा 20 लिटरचा डबा, बुडाला भोकं पाडून.

स्वस्त पडते म्हणून मात्र करू नका. डबे, माती, जाळी धरली तर पहिल्या वर्षी बाजारापेक्षा महागच जाते.

आणि पाणी. विष्णुपुरीत गोदावरीवरचं धरण जवळ आहे म्हणून सढळ हात नको. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते काही फार लांब नाही. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीला घालावं. आरओचं टाकाऊ पाणी नको, त्यातले क्षार मातीत साचतात. मे महिन्यात मी कढीपत्ता आणि दोन मिरच्यांची झाडं हिरव्या जाळीखाली ठेवते, बाकी टब रिकामेच.