घोडे किती, हात किती

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठच्या सारंगखेड्यात घोड्यांचा बाजार भरतो. अकलूजला आणि नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेतही घोडे विकायला येतात. या बाजारांत घोड्याचं मोल कशावर ठरतं ते पाहण्यासारखं असतं. रंग कोणता, उंची किती, मारवाडी असेल तर कानांची टोकं एकमेकांना भिडतात का, चारही पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा असलेला पंचकल्याण आहे का, भोवरे कुठे आहेत, त्यांत शुभ मानला जाणारा देवमण आहे का, एवढ्यावर सौदा पुढे सरकतो. गिऱ्हाईकही बदललं आहे. टांगा गेला, सामान वाहणारं तट्टू गेलं. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाखांच्या आसपास घोडे आणि तट्टं होती, २०१९ मध्ये ती साडेतीन लाखांच्याही खाली आली. आता घोडा घेणारा बहुतेक वेळा हौसेने घेतो. त्याच्याकडे शेत असतं, पत्र्याचा तबेला बांधायची ऐपत असते आणि घोड्याविषयी मनापासून प्रेम असतं. या प्रेमाबद्दल मला शंका नाही. देशातली घोड्यांची संख्या अशी घसरत असताना जो कोणी घोडा पाळतो त्याचं स्वागतच करायला हवं. मात्र पहिल्या घोड्यामागून दुसरा, मग एखादी घोडी, मग तिचं शिंगरू असा तबेला भरत जातो, तेव्हा एक प्रश्न विचारायचा राहून जातो. आपण किती घोडे ठेवू शकतो? माझं म्हणणं असं की याचं उत्तर जमिनीच्या एकरांत किंवा बँकेतल्या रकमेत शोधू नये. रोज घोड्याला लागणारे जाणते हात किती आणि त्या हातांकडे तास किती, यावर ते ठरतं. हा हिशेब चुकला की हौस घोड्यांच्या अंगावर शेकते.

बसायचा घोडा विकत मिळतो ही समजूत अर्धीच खरी आहे. विकत मिळतं ते जनावर. बसण्याजोगेपणा शिकवणुकीतून येतो आणि ती शिकवणूक रोज जपावी लागते. घोडा शिकतो तो दाब सैल पडण्याच्या क्षणी. स्वाराने पोटरीचा दाब दिला, घोडा पुढे निघाला आणि त्याच क्षणी दाब सुटला, तर आपण केलं ते बरोबर होतं हे त्याला कळतं. दाब दोन-चार पावलं उशिरा सुटला तर तो भलतंच काही शिकतो. लगामाचंही तसंच. त्यामुळे शिकवणं म्हणून वेगळा तास राखून भागत नाही. घोड्याजवळ जाणारा प्रत्येक माणूस प्रत्येक वेळी त्याला काहीतरी शिकवतच असतो. चढताना घोडा हलला आणि स्वाराने तसंच चालवून घेतलं, की पुढच्या वेळी तो आधीच हलतो. घोड्याची स्मरणशक्ती दांडगी असते आणि चांगलं-वाईट दोन्ही ती सारख्याच निष्ठेने सांभाळते. घोडा का अडला, या आपल्याकडच्या जुन्या कोड्याचं उत्तर प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे: न फिरवल्यामुळे. घोड्यावर कधी न बसलेल्या आजीलाही ते ठाऊक असतं, कारण ज्या समाजाने ते कोडं घातलं त्याचं आयुष्य घोड्यांत गेलेलं होतं.

आता तासांकडे येऊ. खरारा करायचा, खूर उकरून साफ करायचे, पाठीवर कुठे खोगिराची जखम नाही ना ते पाहायचं, खोगीर चढवायचं, निदान पाऊण तास काम द्यायचं, मग श्वास आणि घाम शांत होईपर्यंत चालवायचं, अंग पुसायचं. घाई न करता हे सगळं करायला एका घोड्यामागे दीड ते दोन तास जातात. चार घोडे असतील तर सहा ते आठ तास, म्हणजे एका माणसाचा अख्खा दिवस. यात दाणा, वैरण, पाणी, लीद काढणं धरलेलं नाही. पाच-सहा आठवड्यांनी येणारा नालबंद, वर्षातून एकदा दात घासून घेणं, धनुर्वाताची लस, पावसाळ्यात गोमाश्यांतून पसरणारा सर्रा, मध्यरात्री उठणारा पोटशूळ हेही बाहेरच ठेवलं आहे. आपल्याकडचा हौशी मालक नोकरी-धंदा सांभाळून रोज फार तर दोन तास काढू शकतो. त्याच्या तबेल्यात चार घोडे असतील तर त्यातले तीन दावणीला उभे राहतात, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

उभं राहणं घोड्याला सोसत नाही. मोकळा सोडलेला घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास चालत चालत चरतो. त्याचं जठर शरीराच्या मानाने लहान, साधारण १० ते १५ लिटरांचं असतं आणि त्याला ओकारी करता येत नाही. त्याला थोडंथोडं, सतत आणि तंतुमय खाणं लागतं. ४०० किलो वजनाच्या घोड्याला रोज ६ ते ८ किलो सुकी वैरण हवी. आपल्या पठारावर पावसाळ्याचे महिने सोडले तर चरायला हिरवं रान नाही, म्हणून कडबा आणि विकतचा लसूणघास आणावा लागतो. तो महाग पडला की मालक वैरण कमी करून हरभरा आणि भरडा वाढवतो, कारण दाणा डोळ्यांना दिसतो आणि घोडा तजेलदार दिसतो. काम नाही, वैरण कमी आणि दाणा जास्त, या तिन्हींच्या संगतीने पोटशूळ येतो, लाकूड चावायची आणि जागच्या जागी डुलत राहायची सवय लागते. युरोपात ओढकामाच्या घोड्यांना रविवारी विश्रांती असे आणि दाणा मात्र कामाच्या दिवसाइतकाच. सोमवारी जुंपल्यावर मागचे स्नायू आखडून घोडा जागीच खिळायचा. या दुखण्याला सोमवारचा आजार असंच नाव पडलं होतं. आपल्या शेतघरांवर आठवडाभर उभा राहून शनिवारी-रविवारी पाहुण्यांसाठी पळवला जाणारा घोडा नेमक्या याच धोक्यात असतो. त्या दिवशी तो उधळला तर लोक त्याला द्वाड म्हणतात.

घोडे आणि हात यांचं प्रमाण ठरवण्याची समज आपल्याला परक्यांकडून आणावी लागणार नाही. छत्रपती शिवाजी महाराजांच्या घोडदळाची व्यवस्था सभासद बखरीत दिली आहे. पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पागेतल्या प्रत्येक घोड्याला त्याचा बारगीर होता, आणि त्याशिवाय पाणी देणाऱ्याचा व नाल ठोकणाऱ्याचा हिशेब वेगळा लावलेला होता. घोडी वाढवायची तर माणसं त्या बेताने वाढवावी लागत. चिपळूणकडच्या छावणीतल्या लष्कराला महाराजांनी पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये म्हणून आपण ते आठवतो आणि ते योग्यच आहे. त्याच पत्रात घोड्यांची काळजीही तितक्याच पोटतिडकीने घेतली आहे. साठवलेला दाणा आणि गवत आताच मनमानी उधळलं तर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी मरू लागतील, आणि मग ती तुम्हीच मारली असं होईल, असा त्याचा आशय आहे. एवढ्या मोठ्या सैन्याचा धनी प्रत्येक घोड्याच्या तोंडचा पावसाळ्यातला घास मोजत होता. घोड्यांवर प्रेम कसं करावं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप येईल तो जाणकारांकडून, आणि तो वजनदार आहे. घोडा कळपातला प्राणी आहे, त्याला एकटा ठेवणं ही क्रूरता आहे, मग हातांचा हिशेब करून लोकांना एकाच घोड्यावर का थांबवता? मी थांबवत नाही. एकटा घोडा झोपतानाही पुरता निर्धास्त नसतो. कळपात एक जण जागा राहतो म्हणून बाकीचे आडवे होऊ शकतात. दोन घोडे हीच खरी किमान संख्या आहे. दोनांहून अधिक घोड्यांचे फायदेही मी मान्य करतो. एका घोड्यावर शिकलेला स्वार त्या घोड्यापुरताच स्वार असतो. एक आळशी, एक तापट आणि एक बुजरा असे तीन घोडे ज्याच्या मांडीखालून गेले, त्याला आपल्या पोटरीचा दाब किती आणि हात किती जड हे खऱ्या अर्थाने कळतं. आळशी घोडा पाय शिकवतो, तापट घोडा हात हलका करायला लावतो. बुजऱ्या घोड्यापुढे स्वाराला स्वतःचा श्वास आवरावा लागतो. जुना, शहाणा घोडा सोबत असेल तर नवा वछेरा पहिल्यांदा ओढा ओलांडतो, ट्रक पाहूनही उभा राहतो. एखादा लंगडला तर स्वारी महिनाभर बंद पडत नाही आणि त्या जखमी घोड्याला पुरी विश्रांती मिळते. अनेक घोड्यांची मजा खरीच मोठी आहे.

पण या सोबतीची दुसरी बाजू दुसरा घोडा आल्याच्या पहिल्या आठवड्यापासून दिसू लागते. घोडे जोडीदाराला चिकटतात. एकाला बाहेर काढलं की दुसरा तबेल्यात खिंकाळत फेऱ्या घालतो, आणि बाहेर नेलेला वेशीपाशी अडून मागे वळतो. मग मालक दोघांना बरोबरच काढू लागतो. काही महिन्यांत दोन घोडे मिळून एकच घोडा होतो, आणि एकट्याने कुठेही न जाणारा घोडा बसायचा घोडा राहत नाही. यावर उपाय आहे. प्रत्येकाला रोज थोडा वेळ वेगळं नेऊन, परत आणून, अंतर हळूहळू वाढवत एकट्याने शांत राहायला शिकवावं लागतं. याला पुन्हा तासच लागतात आणि कळप मोठा झाला की ते वाढतात. कळपाचं सुख घोड्याला द्यायचं तर कळपातून सुटं होण्याचं शिक्षणही त्याला द्यायला हवं. म्हणून पहिला आक्षेप माझ्या हिशेबाला पुष्टीच देतो.

दुसरा आक्षेप सोपा वाटतो: मोतद्दार ठेवा, चाबूकस्वार ठेवा. जरूर ठेवावेत आणि त्यांना चांगला पगार द्यावा. पिढ्यान् पिढ्या घोड्यांत वाढलेला मोतद्दार पशुवैद्य येण्याआधीच घोड्याचं दुखणं ओळखतो. मी हात मोजतो आहे ते पगारी असोत की मालकाचे, फरक पडत नाही. ते जाणते हवेत आणि एकमेकांशी सुसंगत हवेत. सकाळी चाबूकस्वाराने हलक्या हाताने शिकवलेल्या घोड्याला संध्याकाळी मालकाच्या मुलाने तोंडाला झटके दिले, तर घोडा कुणाचं ऐकेल? ज्याचं ऐकल्याने वेदना थांबते त्याचं. आणि वेळ नसला की शॉर्टकट येतात. अडणाऱ्या घोड्याला काटेरी लगाम, न थांबणाऱ्याला आणखी कडक कडी, नाचवण्यासाठी पायांवर छडी. काटेरी लगामाला १९६५ च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक नियमांनी मनाई केलेली आहे, तरी तो वापरणारे आहेत. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीसच्या झेनोफनने घोडेस्वारीवर लिहिताना रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊ नये असं बजावलं होतं. घाईत असलेल्या माणसाला राग लवकर येतो. चार घोडे आणि दोन तास असलेला माणूस कायमच घाईत असतो.

कुणी म्हणेल, हे श्रीमंतांचे प्रश्न आहेत. तसं नाही. माथेरानच्या घोडेवाल्याकडे दोन-तीन घोडे असतात आणि त्याचं घर त्यांच्यावर चालतं. २०२० च्या टाळेबंदीत पर्यटक थांबले, कमाई शून्यावर आली, पण घोड्यांची भूक थांबली नाही. प्रत्येक जादा घोडा म्हणजे वाईट दिवसांत एक जादा तोंड, हे त्याला हौशी मालकापेक्षा कितीतरी आधी समजतं. म्हणून नवा घोडा घेताना तो शंभरदा विचार करतो.

तबेला नकळत वाढतो तो दोन वाटांनी. एक म्हणजे घरचं शिंगरू. घोडी ११ महिने गाभण राहते. पुढे शिंगरावर शहाणपणाने खोगीर चढवायचं तर तीन-चार वर्षं थांबावं लागतं, कारण पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-साडेपाच वर्षांपर्यंत चालू असते. तोवर त्याला दोरीवर चालणं, पाय उचलू देणं, लांब दोरीवर कावा घेणं शिकवत राहायचं असतं. गोंडस दिसतं म्हणून हे सगळं राहून गेलं, तर चौथ्या वर्षी साडेतीनशे किलोचं, माणसाला न जुमानणारं जनावर समोर उभं असतं. दुसरी वाट म्हणजे शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड. पुण्या-मुंबईकडे तो स्वस्तात मिळतो आणि दिसायला देखणा असतो. मात्र लगाम ताणला की त्यावर रेलून आणखी पळायचं, हेच त्याला शिकवलेलं असतं. अनेकांच्या जठरात व्रण असतात. त्याला नव्याने घडवता येतं आणि घडलेला असा घोडा सोन्यासारखा असतो, पण महिनोन् महिने केवळ चालीवर आणि दुडकीवर काम करायची तयारी हवी. सुरुवातीला वाचलेले पैसे या महिन्यांत पुरते खर्ची पडतात.

शेवटी म्हातारपण. घोडा २५-३० वर्षं जगतो, आणि त्यातली शेवटची आठ-दहा वर्षं तो बसायच्या कामाचा नसतो. हौसेच्या भरात एकाच वयाचे तीन घोडे घेणाऱ्याच्या दारात एकाच वर्षी तीन म्हातारे उभे राहतात. तेव्हा त्यांना बाजारात ढकललं जातं, आणि तिथून पुढे त्यांचं काय होतं ते विकणारा विचारत नाही. वयांत पाच-सहा वर्षांचं अंतर ठेवलं तर हे टळतं, आणि प्रत्येक नव्या घोड्याला एक शहाणा सोबतीही मिळतो.

सारंगखेडा, माळेगाव, अकलूज इथल्या बाजारांच्या आयोजकांना माझी एक विनंती आहे. रंग, उंची आणि नाचाच्या बरोबरीने एक बक्षीस शिकलेल्या घोड्यासाठी ठेवा. स्वार चढेपर्यंत जो जागचा हलत नाही, साध्या लगामावर चालतो, सोबत्यांना सोडून एकटा मैदानाबाहेर जाऊन येतो आणि परत येऊन स्वस्थ उभा राहतो, त्याला ते द्या. आणि घेणाऱ्यांनी सौद्याआधी विकणाऱ्याला एवढंच सांगावं, की आधी तुम्ही बसून दाखवा.