हायपरवायझर : प्रश्न प्रकाराचा की परावलंबनाचा?

नाशिक, प्रतिनिधी – सातपूर औद्योगिक वसाहत कारखान्यांसाठी परिचित असली, तरी ‘ईएसडीएस’ या २००५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचे डेटा सेंटरही येथेच आहे. अशा केंद्रांत प्रत्येक ग्राहकासाठी वेगळा सर्व्हर नसतो. एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक नांदतात. त्यांच्यात प्रोसेसर व मेमरीची वाटणी करणारे सॉफ्टवेअर म्हणजे हायपरवायझर.

रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रबंधात त्याचे दोन प्रकार सांगितले. पहिला थेट यंत्रावर चालतो. व्हीएमवेअरचे ईएसएक्सआय, मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही आणि झेन ही त्याची उदाहरणे. दुसरा विंडोज किंवा लिनक्सवर इतर प्रोग्रॅमप्रमाणे चालतो. व्हर्च्युअलबॉक्स हे त्याचे उदाहरण. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला दुसरा प्रकार पुरेसा असतो. बँकेला वा महापालिकेला मात्र पहिलाच हवा, कारण मधला थर नसल्याने वेग वाढतो आणि बिघाडाच्या जागा कमी होतात. लिनक्सच्या गाभ्यात २००७ मध्ये समाविष्ट झालेल्या केव्हीएममुळे ही सीमारेषा आता पुसट झाली आहे.

सिंहस्थासारख्या पर्वात संकेतस्थळांवरील भार काही दिवसच वाढतो. तेवढ्यासाठी नवी यंत्रे घेणे परवडणारे नाही. चालू असलेल्या आभासी संगणकाचीच मेमरी व प्रोसेसर वाढविणे, हे ईएसडीएसच्या ‘एनलाइट’ क्लाउडचे वैशिष्ट्य आहे. हायपरवायझरची साथ नसेल, तर असे करता येत नाही.

तथापि, पायाचा हा थर एकाच कंपनीच्या हाती असला की काय होते, ते नोव्हेंबर २०२३ नंतर दिसले. ब्रॉडकॉमने सुमारे ६९ अब्ज डॉलरना व्हीएमवेअरची खरेदी पूर्ण केली आणि डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून वर्गणीची पद्धत आणली. एकदा परवाना घेऊन निश्चिंत राहण्याचे दिवस संपले. हायपर-व्ही वा केव्हीएमकडे वळायचे, तर आभासी डिस्कचे स्वरूप बदलणे, बॅकअपची नवी व्यवस्था आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आलेच.

त्यामुळे सहकारी बँका व स्थानिक स्वराज्य संस्थांनी निविदा काढताना केवळ मेमरीचा दर पाहून भागणार नाही. हायपरवायझर कोणता, त्याच्या परवान्याची दरवाढ कोण सोसणार आणि आपली माहिती अन्यत्र हलविण्यास किती दिवस लागतील, ही उत्तरे करारातच हवीत. स्वस्त वाटलेला करार अन्यथा नूतनीकरणाच्या वेळी महाग पडू शकतो आणि तो बोजा अखेर खातेदार व करदात्यांवरच येतो.