बोटांचा हिशोब

१ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर, सिंदखेडराजा तालुक्यातल्या पिंपळखुट्यापाशी, नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. आमच्या बुलडाणा जिल्ह्याचे नाव त्या दिवशी सबंध देशाने ऐकले. मंत्री आले, मदत जाहीर झाली, चौकशी झाली. ते योग्यच होते. पण हाच महामार्ग मेहकर तालुक्यातल्या ज्या शिवारांमधून जातो, तिथे दर दसरा-दिवाळीच्या सुमारास होणाऱ्या अपघातांची बातमी तालुका वार्ताहराच्या चार ओळींपुढे जात नाही. सोयाबीनची सोंगणी होते, सुड्या लागतात, मळणीयंत्र वावरावावरांतून फिरू लागते आणि कुणाची दोन बोटे जातात, कुणाचा पंजा, कुणाचा कोपरापासून हात. माणूस जिवंत राहतो, म्हणून गवगवा होत नाही.

आपल्या भाषेला दुखापतीची फार बारीक जाण आहे. खरचटणे निराळे, चिरणे निराळे, ठेचणे त्याहून निराळे. पाय मुरगळतो, कंबर लचकते, खांदा निखळतो, हाड मोडते. विस्तवाने भाजते, कढत पाण्याने पोळते. रक्त न येता आतल्या आत ठणकतो तो मुका मार. घरातली म्हातारी माणसे या शब्दांवरूनच हळद लावायची की शेक द्यायचा हे ठरवीत. डॉक्टरांनाही हा भेद मोलाचा वाटतो. विळ्याने तुटलेल्या बोटाच्या कडा स्वच्छ असतात, ते जोडले जाण्याची आशा असते. मळणीयंत्रात बोट नुसते कापले जात नाही. ते ओढले जाते आणि चिरडले जाते. रक्तवाहिन्या आणि नसा आतवर ताणून तुटतात. मग शल्यविशारदाच्या हाती उरलेला भाग नीट करून शिवणे, एवढेच पुष्कळदा राहते.

सारी नोकरी बँकेत गेल्यामुळे माझी नजर आधी अर्जाच्या रकान्यांकडे जाते. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना २०२३ पासून सानुग्रह अनुदानाच्या रूपात चालते. मृत्यू झाला किंवा दोन अवयव गेले तर २ लाख रुपये, एक अवयव गेला तर १ लाख. पण ती सातबारावर नाव असलेल्या खातेदारासाठी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्यासाठी. सुडीवरून पेंढ्या उचलून यंत्राच्या तोंडात देणारा माणूस बहुधा भूमिहीन असतो. त्याच्यासाठी उरते २०१५ साली आलेली पंतप्रधान सुरक्षा विमा योजना, वर्षाला २० रुपयांची. तिथेही एक डोळा, एक हात किंवा एक पाय निकामी झाला तर १ लाख. बोटाचा रकानाच नाही! उजव्या हाताची दोन बोटे गेलेला मजूर विळा धरू शकत नाही, पण कागदोपत्री त्याचा हात शाबूत असतो.

बोटांचा हिशोब कुणी मांडलाच नाही असे मात्र नाही. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात तो होता: अंगठा गेला तर कमावण्याची शक्ती ३० टक्के घटली, तर्जनी पुरी गेली तर १४ टक्के, मधले बोट १२, करंगळी ७. इंग्रजी अमदानीतल्या कुणा कारकुनाने फूटपट्टी लावून आखल्यासारखे वाटते खरे. पण निदान त्यात बोट होते. त्या कायद्याची जागा आता सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. कायदा कोणताही असो, मालक कोण हे दाखवावे लागते. यंत्र एकाचे, शेत दुसऱ्याचे, टोळी जमवणारा तिसराच, आणि हजेरीपुस्तक कुणाकडेच नाही.

संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा केला, त्यात शक्तीवर चालणारे मळणीयंत्र येते. उपायही अवघड नाही. पेंढी सरकवण्याची पन्हळ पुरेशी लांब आणि वरून झाकलेली असली, तर हात फिरत्या दात्यांपर्यंत पोहोचतच नाही. पत्र्याचे काम आहे, गावातला वेल्डर करून देईल. पण झाकलेल्या पन्हळीतून माल सावकाश जातो, आणि मळणीचा दर पोत्यावर ठरलेला असतो. परतीच्या पावसाचे ढग आले की शेतकऱ्यालाही घाई. रात्री ट्रॅक्टरच्या उजेडात, दिवसभराच्या थकव्यावर काम चालते. अशा वेळी पन्हळीचे झाकण काढून ठेवले जाते. बायांच्या पदराचे, बापयांच्या दुपट्ट्याचे टोक पट्ट्यात सापडायला वेळ लागत नाही. याला निष्काळजीपणा म्हणणे सोपे आहे. मला तो दराचा परिणाम वाटतो. ताशी मजुरी देऊन पाहा, झाकण आपोआप जागेवर राहील.

यंदा मळणीआधी दोन गोष्टी घराघरांत पाहता येतील. २० रुपयांच्या विम्याचे वर्ष १ जून ते ३१ मे असते; मे अखेर खात्यात तेवढी शिल्लक नसेल, तर हप्ता कापला जात नाही आणि विमा बंद पडतो. बँक घरी येऊन सांगत नाही. मजुराचे पासबुक त्या सुमारास भरून घ्यावे. आणि बोट तुटलेच, तर आधी यंत्र बंद करून जखमेवर स्वच्छ फडके घट्ट दाबून धरावे. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवले तर ते गारठून निकामी होते. मेहकरहून अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर गाठायला लागणारा वेळ असा थंड ठेवलेला भाग बहुधा सोसतो. हळद, माती, चुना यांतले काहीही जखमेत भरू नये.