किडनी गुपचूप बिघडते. शुगर-बीपीवाल्यांनी तपासणी टाळू नये

उर्से (ता. मावळ) : अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात किडनीच्या आजाराचं बोट खाऱ्या पाण्याकडे दाखवलं जातं. मावळात पाणी गोडं, म्हणून इथं धोका नाही असं समजू नये. किडनी बिघडण्याची सर्वांत मोठी कारणं शुगर आणि बीपी. अंगदुखीवर मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या रोज खाल्ल्या, तरी किडनीवर ताण येतो. कारखान्यात, टोलनाक्यावर, शेतात पाणी न पिता राबणाऱ्यांनीही जपावं.

पायावर-तोंडावर सूज, लघवीला फेस, भूक मंदावणं ही लक्षणं दिसेपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो. त्यामुळे शुगर-बीपी असेल तर वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्यावं. डायलिसिसचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो. पण आठवड्याला दोन-तीन खेपा आणि बुडालेली मजुरी, हे घरालाच सोसावं लागतं.